मँचेस्टरचा पक्षपाती संपादक

१८९५च्या सार्वत्रिक निवडणुकीत लँकेशर परगण्यातील ली मतदारसंघाने उदारमतवादी पक्षाचे जे उमेदवार ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पाठवले, ते ‘मँचेस्टर गार्डियन’ या दैनिकाचे संपादक होते. निवडून आल्यावर त्यांनी संपादकपद सोडले नाही. पुढची दहा वर्षे चार्ल्स प्रेस्टविच स्कॉट अधिवेशनकाळात लंडनमध्ये पक्षाच्या बाकावर बसत आणि मँचेस्टरमध्ये छापल्या जाणाऱ्या आपल्या पत्राची दिशाही ठरवत. सभागृहात ज्या प्रश्नावर मतदान करायचे, त्याच प्रश्नावर दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखाचे धोरणही आखायचे, ही गोष्ट आज पत्रकारितेच्या कुठल्याही वर्गात हितसंबंधांच्या संघर्षाचा नमुना म्हणून दाखवली जाईल. मात्र त्याच वर्गात, मत आणि बातमी यांच्यातील सीमारेषा कुणी आखली, असे विचारले तर उत्तर म्हणून बहुधा स्कॉट यांचेच नाव पुढे येते. संपादक निःपक्ष असला तरच तो प्रामाणिक, अशी जी सोयीची समजूत रूढ आहे, तिला स्कॉट यांचे चरित्र दोन्ही बाजूंनी धक्का देते.

स्कॉट यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८४६ रोजी बाथ येथे झाला. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत धर्मपीठाबाहेरचे. सार्वजनिक जीवनात अशा घराण्यांना अनेक दरवाजे बराच काळ बंद होते आणि त्या अनुभवातून आलेला एक नैतिक करडेपणा स्कॉट यांच्या स्वभावात अखेरपर्यंत राहिला. ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयातून त्यांनी प्रथम श्रेणीत पदवी घेतली, एडिंबरोच्या ‘स्कॉट्समन’मध्ये काही काळ उमेदवारी केली आणि १८७२मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते ‘गार्डियन’चे संपादक झाले. पत्राचे मालक जॉन एडवर्ड टेलर हे त्यांचे आतेभाऊ होते. नेमणूक नात्यातली होती, हे लपवण्याचे कारण नाही. त्या काळी तसे करण्याची कुणाला गरजही वाटत नसे.

‘गार्डियन’चा जन्म राजकारणातूनच झाला होता. १८१९मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकाराची मागणी करणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घातले गेले. त्या हत्याकांडाच्या पार्श्वभूमीवर दोन वर्षांनी थोरल्या टेलर यांनी हे पत्र काढले. पण स्कॉट यांच्या हाती आले तेव्हा त्याची धार बोथट झालेली होती. कापसाच्या व्यापाऱ्यांचे, गिरणीमालकांचे, सावधपणे उदारमतवादी असे ते पत्र होते. त्याची आर्थिक ताकद जाहिरातींत आणि बाजारभावाच्या स्तंभांत होती. लिव्हरपूल बंदरात कापसाचा भाव काय, अमेरिकेतील पीक कसे, याची विश्वसनीय माहिती मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला तिथे मिळे. स्कॉट यांच्या पुढील सगळ्या धाडसाची किल्ली या रूक्ष स्तंभांत आहे. अग्रलेखाला शिव्या घालणारा व्यापारीही भावांसाठी तेच पत्र विकत घेत असे. बातमीवर त्याचा विश्वास होता, म्हणून मतांचा त्रास तो सोसत होता.

हा सोसण्याचा प्रसंग पहिल्यांदा आला १८८६मध्ये. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला होमरूल देण्याचे विधेयक आणले आणि उदारमतवादी पक्ष उभा फुटला. मँचेस्टरमधील धनिक उदारमतवादी मोठ्या संख्येने होमरूलविरोधी गटाकडे गेले. म्हणजे ‘गार्डियन’चा वाचकवर्गच बाजू बदलून बसला. स्कॉट मात्र ग्लॅडस्टन यांच्या पाठीशी राहिले आणि पत्र डावीकडे वळले ते कायमचे. त्याच वर्षी ते स्वतः निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. ईशान्य मँचेस्टरमधून १८८६, १८९१ आणि १८९२ अशा तीन वेळा त्यांचा पराभव झाला. ज्या शहरात त्यांचे पत्र रोज सकाळी घरोघर वाचले जाई, त्या शहराने संपादकाला तीनदा नाकारले, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या प्रभावाविषयी मोठमोठे दावे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

स्कॉट खासदार असतानाच्या काळातील एक प्रकरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १८९७मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घरोघर शिरणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या अत्याचारांच्या हकिगती त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळल्या. दोन स्त्रियांवर बलात्कार झाला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, हा त्यांतील सर्वांत गंभीर आरोप होता. गोखल्यांचे हे कथन ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात रँडची हत्या नुकतीच झालेली होती. विलायतेत आणि मुंबई इलाख्यात एकच खळबळ उडाली. सरकारने आरोप फेटाळला, पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांना तो सादर करता आला नाही. पत्रे पाठवणाऱ्यांची नावेही त्यांनी उघड केली नाहीत. त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि त्या माफीचा डाग पुढे अनेक वर्षे त्यांच्या राजकारणावर राहिला. छापणाऱ्या पत्राला त्या प्रमाणात किंमत मोजावी लागली नाही. पीडितांच्या बाजूने उभे राहण्याची ओढ आणि पडताळणीची शिस्त यांच्यात नेहमी मेळ बसतोच असे नाही, आणि तो बसला नाही की भुर्दंड बहुधा सांगणाऱ्याला पडतो, हे या प्रकरणात दिसले. स्कॉट यांच्या चाहत्यांच्या लेखनात मात्र याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

खरी कसोटी लागली ती बोअर युद्धात. ऑक्टोबर १८९९मध्ये दक्षिण आफ्रिकेत युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये साम्राज्याभिमानाची लाट उसळली. बहुतेक बड्या वृत्तपत्रांनी ती अंगावर घेतली. स्कॉट यांनी अर्थतज्ज्ञ जे. ए. हॉबसन यांना युद्धापूर्वीच तिकडे पाठवले होते. या संघर्षामागे सोन्याच्या खाणींच्या मालकांचे हितसंबंध आहेत, हे हॉबसन यांच्या लेखनाचे सूत्र होते. साम्राज्यवादावरील त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १९०२मध्ये आला, त्याची मुळे याच प्रवासात सापडतात. संपादक विभागात एल. टी. हॉबहाउस आणि सी. ई. माँटेग्यू हे दोन तेज लेखणीचे सहकारी होते. हॉबहाउस यांच्या भगिनी एमिली यांनी बोअर स्त्रिया व मुले यांना डांबलेल्या छावण्यांची पाहणी करून १९०१मध्ये तिथल्या उपासमारीचे व रोगराईचे वर्णन देशापुढे ठेवले, तेव्हा ‘गार्डियन’ने तो विषय उचलून धरला.

याची प्रतिक्रिया उमटायची ती उमटली. खप घसरला, जाहिराती गेल्या, पत्रावर देशद्रोहाचा शिक्का बसला. संपादकाच्या घराला आणि कार्यालयाला पोलिसांचे संरक्षण द्यावे लागले. युद्धज्वराच्या भरात झालेल्या १९००च्या निवडणुकीत स्कॉट यांनी आपली जागा राखली, पण स्वपक्षातही ते अल्पमतात होते. उदारमतवाद्यांचा साम्राज्यवादी गट युद्धाच्या बाजूने उभा होता. म्हणजे या प्रश्नावर पक्षनिष्ठा त्यांच्या मदतीला आली नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की याच काळात युद्धाच्या बातम्यांच्या स्तंभांत काटछाट झाली नाही. ब्रिटिश फौजांच्या विजयाच्या वार्ता विजयाच्या म्हणूनच छापल्या गेल्या. अग्रलेखात युद्ध अन्याय्य ठरवणाऱ्या संपादकाला त्या वार्ता आतल्या पानावर ढकलता आल्या असत्या. तो मोह आवरणे हे अग्रलेख लिहिण्याहून कठीण असते, कारण त्याची वाहवा करायला कुणी येत नाही.

१९०५मध्ये मालक टेलर यांचे निधन झाले आणि मृत्युपत्रातील तरतुदींवरून पत्र हातातून जाण्याची वेळ आली. त्याच वर्षी स्कॉट यांच्या पत्नी रेचेल यांचाही मृत्यू झाला. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक होत्या. जानेवारी १९०६च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले, पण ज्या सत्तेसाठी स्कॉट यांनी वीस वर्षे लेखणी झिजवली ती आली तेव्हा ते उमेदवारही नव्हते. त्यांना पत्र वाचवायचे होते. अखेर १९०७मध्ये २ लाख ४२ हजार पौंड देऊन त्यांनी ‘गार्डियन’ विकत घेतला. मालक झाल्यावरही राहणी बदलली नाही. सत्तरी ओलांडल्यावरही ते सायकलवरून कार्यालयात येत, रात्री उशिरापर्यंत बसत आणि सहकाऱ्यांच्या मजकुरातील सैल शब्द निष्ठुरपणे खोडत. नफा वाटून घेण्यापेक्षा पत्रातच घालण्याकडे त्यांचा कल होता. क्रिकेटच्या वाचकांना परिचित असलेले नेव्हिल कार्डस याच शिस्तीत तयार झाले.

स्त्रियांच्या मताधिकाराचे स्कॉट पुरस्कर्ते होते, पण काचा फोडणाऱ्या, तुरुंगात उपोषण करणाऱ्या आंदोलक स्त्रिया त्यांना मानवल्या नाहीत. सनदशीर मार्गावरील त्यांची श्रद्धा इथे आंधळी ठरली.

या काळात त्यांच्या आयुष्यात एक मैत्री आली आणि तिने त्यांच्या पत्रकारितेचे जे केले ते विरोधकांना कधी जमले नव्हते. डेव्हिड लॉइड जॉर्ज हे बोअर युद्धाचे विरोधक, वेल्समधील सामान्य घरातून वर आलेले, भाषणाने सभागृह हलवणारे नेते. स्कॉट यांना ते जवळचे वाटले, यात नवल नाही. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री, मग युद्धकाळात पंतप्रधान झाले. स्कॉट लंडनला जात, न्याहारीला त्यांच्याकडे बसत, मंत्रिमंडळातील अंतर्गत गोष्टी ऐकत आणि त्या दैनंदिनीत काळजीपूर्वक टिपून ठेवत. राजधानीत वावरणाऱ्या कुणालाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही. सत्तेच्या दालनात मुक्त प्रवेश असलेला पत्रकार आपण सत्तेला सल्ला देतो आहोत असे समजत असतो. सत्ता त्याच्याकडून काय घेत असते, याचा हिशेब सहसा नंतर लागतो.

४ ऑगस्ट १९१४पर्यंत ‘गार्डियन’ने ब्रिटनने महायुद्धात पडू नये असाच आग्रह धरला होता. युद्ध जाहीर झाल्यावर मात्र, आता ते जिंकलेच पाहिजे, अशी भूमिका स्कॉट यांनी घेतली. त्यांचे जावई आणि सहकारी माँटेग्यू सत्तेचाळीस वर्षांचे होते. पांढरे केस काळे करून त्यांनी सैन्यात नाव नोंदवले. पुढे आघाडीवर वार्ताहरांना फिरवण्याचे आणि त्यांचा मजकूर तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. आयुष्यभर अग्रलेख लिहिलेला माणूस इतरांच्या बातम्यांवर कात्री चालवू लागला. त्यातून आलेली विरक्ती त्यांनी १९२२च्या पुस्तकात नोंदवली आणि युद्धवार्तांकनाचा खोटेपणा त्यात झाकला नाही.

१९१७च्या अखेरीच्या काही आठवड्यांत ‘गार्डियन’ची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांनी झारच्या दप्तरातील गुप्त करार उघडे केले. मित्रराष्ट्रांनी दुसऱ्यांचे प्रदेश आपसांत कसे वाटून घ्यायचे ठरवले होते, हे त्यांतून दिसत होते. ब्रिटनमधील बहुतेक पत्रांनी तिकडे डोळेझाक केली. ‘गार्डियन’ने आपले वार्ताहर मॉर्गन फिलिप्स प्राइस यांच्यामार्फत ते मिळवून छापले. ज्या सरकारचा प्रमुख संपादकाचा मित्र होता, त्या सरकारला अडचणीत आणणारी ही बातमी होती. स्कॉट यांनी ती थांबवली नाही.

आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस लॉइड जॉर्ज यांनी खासगी संभाषणात स्कॉट यांच्यापाशी मन मोकळे केले. आघाडीवरून परतलेल्या एका युद्धवार्ताहराचे कथन आदल्या रात्री ऐकून पंतप्रधान हादरले होते. तिथे काय चालले आहे ते जनतेला खरोखर कळले तर युद्ध दुसऱ्याच दिवशी थांबेल. पण जनतेला ते ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ देताही येत नाही, वार्ताहर सत्य लिहीत नाहीत आणि अभ्यवेक्षक ते जाऊ देणार नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. स्कॉट यांनी हे सर्व दैनंदिनीत उतरवले. पत्रात त्यातले काही आले नाही.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. संभाषण खासगी होते. संरक्षणविषयक कडक कायदा लागू होता आणि असा मजकूर छापणे म्हणजे खटल्याला निमंत्रण. सरकारी सेवेत विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आयुष्यभर पोटात ठेवलेल्या वाचकाला यातील पेच वेगळा समजावून सांगायला नको. पण संपादकाची सेवा वेगळी असते. पंतप्रधानच कबूल करतात की जनतेपासून सत्य दडवले जात आहे, आणि बातमी निर्मळ राखण्याचे व्रत घेतलेला माणूस ती कबुली कपाटात ठेवतो. कायद्यापुढे झुकणे समजू शकते. पण जे कळले होते त्याच्या वजनाने पुढच्या अग्रलेखांचा सूर तरी बदलावा, तसे ठळकपणे झाले नाही. स्कॉट यांच्या उघड पक्षपाताने त्यांच्या वाचकाची फसवणूक कधी केली नाही, कारण वाचक तो गृहीत धरून वाचत असे. मैत्रीचे तसे नव्हते. तिची खबरच वाचकाला नव्हती. ही दैनंदिनी ट्रेव्हर विल्सन यांनी संपादित करून १९७०मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तो युद्धकाळचा वाचक बहुतांशी हयात नव्हता.

तीच गोष्ट पॅलेस्टाइनची. मँचेस्टर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे खाइम वाइझमन यांची स्कॉट यांच्याशी १९१४मध्ये गाठ पडली. झायनवादी चळवळीच्या ध्येयाने स्कॉट भारून गेले आणि त्यांनीच वाइझमन यांची लॉइड जॉर्ज यांच्याशी भेट घालून दिली. नोव्हेंबर १९१७मधील बाल्फोर घोषणेपर्यंतच्या वाटचालीत या ओळखीचा वाटा मोठा होता. छळ सोसलेल्या एका समाजाविषयीची कळकळ खरी होती. परंतु त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या, लोकसंख्येच्या सुमारे नऊ-दशांश असलेल्या अरबांचा विचार करण्याइतकी जागा त्या कळकळीत उरली नाही. इथे स्कॉट घटनेचे निरीक्षक नव्हते, घटना घडवणाऱ्यांपैकी एक होते, आणि अग्रलेख मात्र निरीक्षकाच्या आसनावरून लिहिले जात होते.

मैत्रीला तडा गेला तो आयर्लंडवरून. १९२०मध्ये लॉइड जॉर्ज सरकारने आयरिश बंडखोरांविरुद्ध उतरवलेल्या निमलष्करी दलांनी गावे जाळली, निरपराधांवर सूड उगवला. १८८६पासून आयर्लंडसाठी नुकसान सोसलेल्या संपादकाला आता मागे हटणे शक्य नव्हते. ‘गार्डियन’ने या अत्याचारांच्या बातम्या सातत्याने दिल्या आणि पंतप्रधानांवर कठोर टीका केली. दोघांत दुरावा आला. जुन्या मित्राविरुद्ध लिहिताना लेखणी अडखळली नाही, हे स्कॉट यांच्या खात्यावर निश्चितच जमा करावे लागेल.

या सगळ्यानंतर ५ मे १९२१ रोजी ‘गार्डियन’च्या शताब्दीनिमित्त स्कॉट यांनी तो लेख लिहिला, ज्यातील एक छोटे वाक्य आज जगभर त्यांच्या नावावर चालते. मत मांडायला संपादक मोकळा आहे, घटितांना मात्र त्याने हात लावू नये, हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. कमी वाचला जातो तो त्याच्या आजूबाजूचा मजकूर. बातमी तीन प्रकारे नासवता येते, याची स्कॉट यांना पक्की जाणीव होती: जे दिले त्यातून, जे दिले नाही त्यातून आणि ज्या रीतीने मांडले त्यातून. विरोधकाचे म्हणणेही मित्राच्या म्हणण्याइतक्याच हक्काने छापले जावे, मतस्वातंत्र्यालाही संपादकाने स्वतः घातलेली मर्यादा असावी, आणि वृत्तपत्राने मक्तेदारीचा मोह टाळावा, असे त्यांनी बजावले. लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनी लाखोंच्या खपाची ‘डेली मेल’ आणि प्रतिष्ठेचे ‘टाइम्स’ एकाच मुठीत ठेवले होते, युद्धकाळात सरकारचे प्रचारकार्यही सांभाळले होते. त्या काळात मक्तेदारीचा हा इशारा पोकळ नव्हता. आणि बातमी न देण्यातूनही ती नासते, असे लिहिणाऱ्याच्या घरी डिसेंबर १९१७ची नोंद पडून होती. ती आठवून त्यांनी हे लिहिले की नाही, याचा पुरावा नाही. पण पंचाहत्तरीला आलेल्या, पन्नास वर्षे संपादक राहिलेल्या माणसाने हे केवळ इतरांना उद्देशून लिहिले असेल, असे मानणे अवघड जाते.

स्कॉट १९२९मध्ये, सत्तावन्न वर्षांच्या कारकिर्दीनंतर, संपादकपदावरून निवृत्त झाले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. गादीवर बसलेले पुत्र टेड चार महिन्यांच्या आत विंडरमिअर सरोवरात बुडून मरण पावले. लागोपाठच्या मृत्यूंमुळे वारसा कराचे संकट उभे राहिले; पत्र विकावे लागले असते तर ते कुणा धनाढ्य मालकाच्या साखळीत गेले असते. दुसरे पुत्र जॉन यांनी १९३६मध्ये आपली मालकी सोडून ती एका न्यासाच्या स्वाधीन केली. वडिलांनी २ लाख ४२ हजार पौंडांना घेतलेली मालमत्ता मुलाने अशी हातावेगळी केली. पत्राने १९५९मध्ये नावातील मँचेस्टर गाळले आणि पुढे आपले बिऱ्हाड लंडनला हलवले. २०२१मध्ये द्विशताब्दीच्या निमित्ताने ‘गार्डियन’ने आपल्या दोनशे वर्षांतील मोठ्या चुकांचा आढावा स्वतःच छापला. बाल्फोर घोषणेला दिलेला पाठिंबा त्या चुकांत मोडला होता.